सोरायसिस : दोष स्पर्शाचा नाही, पेशीतल्या लगामाचा

आमच्या आजोळी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात एक ताट, एक वाटी आणि एक पेला वेगळा ठेवलेला असे. पेल्याच्या काठाखाली खिळ्याने एक फुली कोरलेली होती. ती भांडी खालाजानची. दस्तरखान अंथरला की सगळी भावंडे दाटीवाटीने बसत आणि खालाजान म्हणत, "तुम्ही बसा, मला आता भूक नाही, मागाहून जेवते." त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कपाळावर केसांच्या कडेला जाडसर चट्टे होते, त्यांवर चंदेरी पापुद्रे धरलेले. घरात त्याला कोणी चंबल म्हणत, कोणी नुसतेच "खालाची बीमारी". त्यांना कोणी वाईट बोलत नसे. ईदला कपडे त्यांनाही होत. फक्त पेला वेगळा होता, आणि तो वेगळा का, हे आम्ही मुलांनी कधी विचारले नाही.

हे आठवण्याचे कारण आमच्याच वर्गात घडले. आम्ही माध्यमिक शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. आठवीतली एक मुलगी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून येई आणि बाह्या ओढून ओढून बोटांपर्यंत आणी. एका पालकाची चिठ्ठी आली : आमच्या मुलीला तिच्या शेजारी बसवू नये. दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. आम्ही काय केले? "खिडकीपाशी हवा लागेल" असे सांगून त्या मुलीला एकटीला कडेच्या बाकावर बसवले. वाद मिटला म्हणून आम्हाला हायसेच वाटले.

तीन दिवसांनी तिची अम्मी डॉक्टरांचा कागद घेऊन आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "टीचर, हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण माझी मुलगी दोन दिवस झाले घरी येऊन दगडाने अंग घासत बसते."

खिळ्याने कोरलेली ती फुली आम्हाला त्या क्षणी आठवली. आम्ही शिकलेले, बी.एड. झालेले, पण आजोळच्या अडाणी समजुतीनेच वागलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा आपल्या बाकावर बसली आणि आम्ही वर्गाला कारणही सांगितले. पण एक प्रश्न मनातून जाईना. आजार बाहेरून येत नाही, तर मग येतो कुठून? विज्ञान हा आमचा विषय नव्हे. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना विचारले, त्वचारोगतज्ज्ञांना भेटलो, वाचले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींसमोर मांडत आहोत.

हा आजार आहे तरी काय?

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत पक्क्या होतात, शेवटी मरतात आणि नकळत झडून जातात. निरोगी त्वचेत या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात, झडायला वेळ मिळत नाही, थरावर थर साचतात. तेच ते चंदेरी पापुद्रे. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून पापुद्रा खरवडला की बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. पुस्तकांतल्या चित्रांत हे चट्टे लालभडक असतात, कारण ती चित्रे बहुधा गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते तपकिरी, जांभळट किंवा काळपट दिसतात, आणि त्यामुळे ओळखण्यात चूक होते.

ही घाई त्वचा स्वतःहून करत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती, जी जंतूंशी लढायला आहे, ती कारण नसताना त्वचेत येऊन ठाण मांडते. तिच्या पेशी टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशी रासायनिक निरोपे सोडतात. त्वचेच्या पेशी ते ऐकून वेगाने वाढतात आणि उलट आणखी निरोप धाडून आणखी सैनिक बोलावतात. एकदा हे चक्र सुरू झाले की ते स्वतःलाच चालवत राहते. यात कुठेही जंतू नाही, बुरशी नाही. म्हणून हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने, मशिदीत सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याने सोरायसिस होत नाही. होऊच शकत नाही.

युरोपातही शतकानुशतके हा आजार कुष्ठरोगातच मोजला जाई. १८४१ साली व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी दोन्ही आजार निश्चितपणे वेगळे केले. (कुष्ठरोगही आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या रुग्णालाही दूर लोटण्याचे कारण उरलेले नाही, हे ओघात सांगितले पाहिजे.) २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर खास ठराव केला. हा दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य, वेदनादायी आजार आहे आणि रुग्णांना समाजाकडून मिळणारी वागणूक थांबली पाहिजे, असा त्याचा आशय होता. हेब्रांपासून या ठरावापर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली. आमच्या आजोळच्या फडताळापर्यंत ती गोष्ट पोचलीच नव्हती.

दावतीचे उदाहरण

आता मूळ प्रश्न. प्रतिकारशक्ती आणि त्वचा यांच्यातला हा गोंगाट थांबत का नाही? निरोगी माणसालाही खरचटते, सूज येते, पण चार दिवसांत सगळे शांत होते. शांत करणारे कोणीतरी असते. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना या 'शांत करणाऱ्यां'पैकी एक जमात सापडली आहे. तिचे नाव मायक्रोआरएनए.

हे समजून घ्यायला मोठ्या दावतीचे उदाहरण घेऊ. घराण्याच्या सगळ्या पाककृती एका जाड वहीत लिहिलेल्या आहेत. ती वही बडी अम्मीच्या पेटीत कुलपात असते, बाहेर निघत नाही. बिर्याणी करायची तर त्या पानाची नक्कल एका चिठ्ठीवर उतरवतात, ती चिठ्ठी बाहेर बावर्चीकडे जाते आणि चिठ्ठी वाचून देग चढते.

पेशीतही असेच असते. वही म्हणजे डीएनए, तो पेशीच्या केंद्रकात बंद असतो. वहीतली एक पाककृती म्हणजे एक जनुक. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. आणि शिजलेला पदार्थ म्हणजे प्रथिन, ज्यावर शरीराचे सगळे काम चालते.

पण चिठ्ठी बावर्चीच्या हातात राहिली तर तो देगमागून देग चढवत राहील. म्हणून भटारखान्याच्या दारात एक जाणते बुजुर्ग बसलेले असतात. ते चिठ्ठ्यांवर नजर ठेवतात. "बिर्याणी पुरे झाली" असे वाटले की ती चिठ्ठी बाजूला काढतात किंवा फाडून टाकतात. पेशीतले हे बुजुर्ग म्हणजे मायक्रोआरएनए. तो आरएनएचाच अगदी छोटा तुकडा असतो, साधारण २२ अक्षरांचा. संदेशाच्या चिठ्ठीत हजारो अक्षरे असू शकतात. मायक्रोआरएनए त्यातली आपल्याशी जुळणारी सहा-सात-आठ अक्षरे शोधतो, तिथे चिकटतो, आणि त्या चिठ्ठीवरून प्रथिन बनणे थांबते किंवा कमी होते. त्याला स्वतःला काही शिजवता येत नाही. त्याचे काम एकच, "बस, आता पुरे" म्हणणे. एक मायक्रोआरएनए पुष्कळदा शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवतो, आणि माणसाच्या शरीरात असे हजाराहून अधिक मायक्रोआरएनए आहेत.

एक मिलिमीटरचा किडा

ही गोष्ट सापडली ती त्वचेत नाही, माणसातही नाही. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक किड्यात सापडली. अमेरिकेत व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन शास्त्रज्ञ या किड्याची वाढ कशी होते ते पाहत होते. काही किडे वाढीची पायरी चुकत. त्यांच्या शरीराला 'आता पुढे चला' हे कळतच नसे. कारण शोधता शोधता १९९३ मध्ये दोघांच्या लक्षात आले की ज्या जनुकात बिघाड आहे ते कुठले प्रथिन बनवतच नाही. ते बनवते फक्त आरएनएचा एक चिमुकला तुकडा, आणि तो तुकडा दुसऱ्या एका जनुकाची चिठ्ठी अडवतो.

जगाने फारशी दखल घेतली नाही. किड्याची काहीतरी खासियत असेल, असे मानले गेले. २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला असा दुसरा तुकडा सापडला, आणि तो मात्र माणसासकट अनेक प्राण्यांत जसाच्या तसा होता. मग शोध धडाक्याने सुरू झाला. १९९३ च्या कामासाठी या दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या वर्गात आम्ही मुलांना हे मुद्दाम सांगतो. ज्या कामाला जग क्षुल्लक समजते, त्यातून एकतीस वर्षांनी नोबेल निघू शकते.

स्टॉकहोममध्ये काय दिसले

२००७ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी प्रश्न विचारला : सोरायसिसच्या चट्ट्यात हे बुजुर्ग आपल्या जागेवर आहेत का? त्यांनी तीन प्रकारच्या त्वचेचे नमुने घेतले. सोरायसिसची त्वचा, निरोगी त्वचा आणि एक्झिमाची त्वचा. एक्झिमा मुद्दाम घेतला, कारण त्यातही खाज आणि दाह असतो. नुसत्या दाहामुळे होणारा फरक आणि सोरायसिसचा खास फरक वेगळा करायचा होता.

सोरायसिसचा नकाशा वेगळाच निघाला. काही मायक्रोआरएनए वाढलेले, काही घटलेले. त्यांत एकाने विशेष लक्ष वेधले : मायक्रोआरएनए-२०३. शरीराच्या २१ वेगवेगळ्या अवयवांत आणि ऊतींत शोधले, तर हा मुख्यतः त्वचेतच आढळला. आणि त्वचेतही फक्त वरचा थर बनवणाऱ्या पेशींत. निरोगी त्वचेत तो पेशींना पक्के व्हायला मदत करतो. सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र त्याचे प्रमाण वाढलेले होते आणि त्याच वेळी सॉक्स-३ नावाचे एक प्रथिन घटलेले होते. हे सॉक्स-३ म्हणजे दाहाच्या निरोपाला आवर घालणारे प्रथिन.

जरा थांबून पाहू. दारातल्या बुजुर्गांनी चिठ्ठी फाडली खरी, पण ती "आग विझवा" असे लिहिलेली चिठ्ठी होती. लगाम धरणाऱ्यावरच लगाम पडला. म्हणून दाहाचा निरोप घुमत राहतो, असे या शोधाचे तात्पर्य संशोधकांनी मांडले. सोरायसिस आणि मायक्रोआरएनए यांचा संबंध दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक होते. त्यानंतर जगभर शेकडो नमुने तपासले गेले.

मायक्रोआरएनए-२१ ची गोष्ट अशीच. चट्ट्यांत तो वाढलेला असतो. तो टिंप-३ नावाच्या प्रथिनाची चिठ्ठी अडवतो. टिंप-३ चे एक काम म्हणजे टीएनएफ हे दाहक रसायन पेशीवरून सुटू न देणे. टिंप-३ कमी पडले की टीएनएफ मोकळे सुटते. २०१४ मध्ये स्पेनमधल्या माद्रिद येथील संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेचे तुकडे उंदरांवर रोपले आणि मायक्रोआरएनए-२१ ला रोखणारा रेणू दिला. त्वचेची जाडी आणि दाह कमी झाला. मायक्रोआरएनए-३१ हाही वाढलेला आढळतो आणि तोही दाहाला खतपाणी घालतो. त्याला रोखल्यावर उंदरांतला आजार सौम्य झाल्याचे प्रयोग आहेत.

बंब दिसला म्हणजे आग त्याने लावली असे नव्हे

वाचकांना वाटेल, मग सोपे आहे. जे जे वाढले ते दुष्मन, त्याला रोखले की झाले. आम्हालाही तसेच वाटले होते. इथे मायक्रोआरएनए-१४६ए आपल्याला सावध करतो.

हाही सोरायसिसच्या चट्ट्यात वाढलेला असतो. पण कॅरोलिन्स्का संस्थेतल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की ज्या उंदरांत हा नाहीच, त्यांना सोरायसिससारखा आजार लवकर होतो आणि जास्त जोराने होतो. बाहेरून तो पुरवला तर दाह कमी होतो. म्हणजे तो आग लावणारा नव्हता, विझवायला धावलेला होता. जळत्या घरापुढे बंब उभा दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असे कोणी म्हणत नाही. तो आला होता, फक्त त्याचे पाणी पुरे पडले नाही.

आम्हाला या संशोधनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. एकाच चट्ट्यात एक मायक्रोआरएनए दाह वाढवतो आहे, दुसरा तोच दाह आवरायला झटतो आहे, मायक्रोआरएनए-१२५बी सारखा तिसरा कमी पडला आहे. शरीर स्वतःशी भांडतही असते आणि स्वतःला सावरतही असते. अशा वेळी एखादे चूर्ण "रक्त साफ करून" हे सगळे मुळासकट उपटून टाकील, असे कोणी सांगितले तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे वाचकांनीच ठरवावे.

मग यावर औषध निघाले का?

नाही. मायक्रोआरएनएवर काम करणारे सोरायसिसचे कुठलेही औषध आज दवाखान्यात मिळत नाही. उंदरावर चालले ते माणसावर चालेलच असे नसते. एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्या सांभाळतो, त्यामुळे त्याला हात लावला की भलतीच चिठ्ठीही हलते. कर्करोगावरच्या अशा एका औषधाची माणसांवरची चाचणी २०१६ मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. शिवाय रेणू इतका नाजूक, की तो त्वचेच्या आत नेमक्या पेशीपर्यंत न मोडता पोचवणे हेच मोठे काम आहे.

रक्तातले मायक्रोआरएनए मोजून आजाराचा अंदाज घेता येईल का, यावरही संशोधन चालू आहे. पण सोरायसिसचे निदान आजही डॉक्टर त्वचा, नखे आणि टाळू पाहून करतात. शंका असेल तर त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. म्हणून "मायक्रोआरएनए तपासणी" किंवा "जीन थेरपी" या नावाखाली कोणी हजारो रुपये मागू लागला तर पाकीट खिशातच राहू द्या.

आज काय करता येते?

पुष्कळ करता येते, आणि निराश होण्याचे कारण नाही. आजार कायमचा निघून जाईल असे वचन आज कोणी देऊ शकत नाही, पण तो ताब्यात राहतो आणि कित्येकांची त्वचा वर्षानुवर्षे स्वच्छ राहते.

थोडे चट्टे असतील तर मलमे पुरतात : स्टिरॉइडची मलमे, ड जीवनसत्त्वाच्या जातीची मलमे, कोल टार, सॅलिसिलिक आम्ल. जास्त असतील तर ठरावीक अतिनील किरणांचा उपचार, म्हणजे फोटोथेरपी, दिली जाते. त्यापुढे मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या, आणि त्याही पुढे टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ या निरोपांनाच अडवणारी इंजेक्शने. ही इंजेक्शने महाग आहेत, सर्वांना लागतही नाहीत.

काही गोष्टी मात्र घराघरात माहीत असायलाच हव्यात.

मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. रमजानमध्ये औषधांच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने डोस गाळू नका.

गजकर्ण समजून मेडिकल स्टोअरमधून आणलेले मिश्र मलम चोळू नका. अशा मलमांत बहुधा जोरदार स्टिरॉइड असते. चार दिवस त्वचा गुळगुळीत होते, मग पातळ पडते. नावगाव नसलेल्या पुड्यांतही पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. पोटातून घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद झाले की आजार सगळ्या अंगावर उसळतो, अंग पुवाच्या फोडांनी भरते आणि रुग्णाला इस्पितळात दाखल करावे लागते.

चट्टे खरवडू नका. जिथे त्वचा दुखावते तिथे नवा चट्टा उठतो, हा या आजाराचा स्वभाव आहे. म्हणून त्या मुलीचे दगडाने अंग घासणे आम्हाला जास्तच लागले. बाकावरून उठवून आम्ही तिच्या मनालाच नव्हे, त्वचेलाही इजा केली होती. लग्नसराईत वापरली जाणारी काळी मेंदीही सांभाळा. तिच्यातल्या रसायनाने त्वचा पोळली तर तिथेही चट्टे येऊ शकतात.

आंघोळ किंवा वजू झाल्यावर त्वचा अलगद टिपा आणि ती ओलसर असतानाच साधे व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. थंडीत तर नेमाने लावा. तंबाखू आणि सिगारेट सुटलीच पाहिजे. वाढलेले वजन उतरले तर औषधही चांगले लागू पडते. मुलांना घसा दुखून ताप आल्यावर पंधरवड्यात अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठले तर डॉक्टरांना घशाचेही सांगा. रक्तदाबाची काही औषधे आणि मलेरियाच्या काही गोळ्या हा आजार वाढवू शकतात. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांसमोर ठेवा, पण आपल्या मर्जीने बंद करू नका.

आणि सांधे. सकाळी उठल्यावर बोटे आखडतात, टाच दुखते, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात, तर ते म्हातारपण समजून सोडू नका. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना सांध्यांचा आजार होतो आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात. आमच्या खालाजानच्या हाताची बोटे शेवटी सुईदेखील धरू शकत नव्हती. घरात सगळे म्हणत, वय झाले. आज वाटते, कोणी वेळेवर दाखवले असते तर.

रिश्त्याचा प्रश्न

ज्या घरात मुलगी आहे तिथे सगळ्यात मोठी भीती हीच : रिश्ता जुळेल का? म्हणून लपवाछपवी होते. आम्ही लपवणाऱ्यांना दोष देत नाही. लपवावे लागते, कारण ऐकणाऱ्यांची तोंडे फिरतात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आजाराची प्रवृत्ती वंशातून येते हे खरे, तरी आई किंवा वडील यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर बहुतेक मुलांना तो होत नाही; दहातल्या एखाद्याला होतो, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार आणि दुसऱ्याची त्वचा स्वच्छ, असे आढळते. वहीत पाककृती आहे म्हणजे देग चढलीच असे नव्हे. मधल्या चिठ्ठ्या आहेत, त्यांच्यावर नजर ठेवणारे आहेत, हवापाणी आणि राहणी आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लपवलेल्या आजाराबरोबर गोळ्याही लपवल्या जातात. मेथोट्रेक्सेटने पोटातल्या बाळाला धोका असतो; मूल हवे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आधीच थांबवावे लागते. अ‍ॅसिट्रेटिन नावाची गोळी घेतली असेल तर ती सोडल्यावरही तीन वर्षे गर्भ राहू द्यायचा नसतो. सासरी उशीखाली लपवून गोळी घेणारी नवी नवरी हे कोणाला सांगणार? म्हणून निकाहआधी मोकळेपणाने बोला. आणि ज्यांच्या कानावर ही गोष्ट येईल त्यांनी एवढे समजून घ्यावे की समोरच्या घराने खरे सांगितले आहे. खरे बोलणारे घर मिळणे आजकाल सोपे नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. फोटोथेरपी आणि मलमांनी तिचे हात बरेच स्वच्छ झाले आहेत, थंडीत थोडे चट्टे पुन्हा येतात. बाह्या मात्र ती आता बोटांपर्यंत ओढत नाही. चिठ्ठी पाठवणाऱ्या पालकांपैकी एकजण पुढे स्वतःहून शाळेत येऊन तिच्या अम्मीला भेटून गेले.

खालाजान आज नाहीत. त्यांना कोणी मायक्रोआरएनए समजावून सांगण्याची गरजही नव्हती. त्यांना फक्त सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे होते. आपल्यापैकी कोणाच्या घरात असा फुली मारलेला पेला असेल, किंवा वेगळा टॉवेल, वेगळी चादर, वेगळी खुर्ची असेल, तर हा अंक वाचून झाल्यावर तो पेला उचला, बाकीच्या पेल्यांत मिसळा, आणि ज्याचा तो आहे त्याला हाक मारून शेजारी बसवा.